स्वभाव की टेन्शन? एका आजाराचा जुना वाद

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, पण गटाच्या कामात त्याचा काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. हप्ते, हजेरी आणि पासबुक यांत लढाया आणि तह कुठे बसवायचे? पण सात वर्षांपूर्वी माझ्या हातून इतिवृत्ताच्या वहीत एक ओळ लिहिली गेली. ती ओळ चूक होती हे पुढे कळलं, आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचत आले.

आमच्या एका गटाच्या खजिनदार बाई. नाव, गाव सांगत नाही. त्यांना विचारूनच हे बोलते आहे, आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचूनही दाखवलं आहे. वय चाळिशीच्या आत. हिशेबाला इतक्या पक्क्या, की अकरा जणींच्या गटात दहा पैशांची चूक नाही. लेकीचं लग्न ठरलं. पंधरा दिवस घरात पाहुणे, चूल विझत नव्हती, रात्री कशीबशी दोन-तीन तास झोप. लग्न छान झालं, लेक सासरी गेली, पाहुणे पांगले. अशा वेळी आपण सगळ्या आडव्या पडतो. ह्या पडल्या नाहीत. चार-चार दिवस झोप नाही आणि थकवाही नाही. पहाटे तीनला अंगण सारवायचं, लोकांना हाका मारून उठवायचं, बोलणं इतकं भराभर की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. त्या आठवड्यात गटाच्या हप्त्यांचे १४,६०० रुपये बँकेत भरायचे होते. त्यांनी ते तालुक्याला जाऊन शिलाई मशिनींचा विसार म्हणून दिले. एक नाही, चाळीस मशिनी. गावातल्या गरजू बायकांना एकेक.

सभेत फार बोलाचाली झाली. ठराव मी लिहिला: ‘स्वभाव उधळा असल्याने पदावरून कमी करण्यात येत आहे.’ अक्षर माझं, सहीही माझी. दोन-अडीच महिन्यांनी त्याच बाई अंथरुणाला खिळल्या. आंघोळ नाही, जेवण नाही, तोंड भिंतीकडे. तेव्हा आम्हीच म्हणालो, पैशाचं फार मनाला लावून घेतलं, टेन्शन आलं. म्हणजे चढल्या तेव्हा स्वभाव, आणि उतरल्या तेव्हा टेन्शन. तीन महिन्यांत एकाच बाईला दोन कारणं लावून आम्ही मोकळ्या झालो. मधल्या काळात घरच्यांनी देवऋषी केला, ते वेगळंच.

शेवटी आशाताईंनी त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी स्वभावाचं विचारलं नाही की पैशाचंही नाही. पहिला प्रश्न, “लग्नाच्या दिवसांत झोप किती होत होती?” दुसरा प्रश्न, “असं आधी कधी झालं होतं का?” तेव्हा सासूबाईंना आठवलं. पहिल्या बाळंतपणानंतर सव्वा महिनाही झाला नव्हता, तेव्हा सून अशीच रात्रंदिवस बडबडत, गात फिरायची. ‘बाळंतिणीला बाहेरचं लागलं’ म्हणून तेव्हा ते मिटवलं होतं.

या आजाराला बायपोलर म्हणतात. मराठीत द्विध्रुवीय विकार, म्हणजे दोन टोकांचा आजार. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खोल उदासी, आणि मधे कित्येक महिने, कधी वर्षंही, माणूस तुमच्या-माझ्यासारखंच.

स्वभाव की टेन्शन हे भांडण आपल्या ओट्यावरचं आहे असं मला वाटायचं. पण मोठमोठे डॉक्टर दीडशे वर्षं हेच भांडत आलेले आहेत.

आजार तर त्याहून कितीतरी जुना. आपल्याकडे चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. आज तुर्कस्तानात असलेल्या कपाडोशिया भागातला अरेटियस नावाचा वैद्य सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. उदासी आणि उन्माद यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्याने लिहून ठेवलं. पुढे शतकानुशतकं लोक या दोन गोष्टींना दोन वेगळे आजार समजत राहिले. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. चढलेल्या बाईला एक वैद्य बघणार, सहा महिन्यांनी खाली गेलेल्या बाईला दुसरा. दोन्ही वेळची बाई एकच, हे कुणी पाहायचं?

ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात पाहिलं गेलं. हे रुग्णालय बायकांचं. त्या आधी तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. पुढे तिथे गरीब, निराधार, म्हाताऱ्या आणि वेड्या ठरवलेल्या हजारो बायका ठेवल्या जात. त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षं तिथेच, म्हणून डॉक्टरांना तीच बाई पुन्हा पुन्हा दिसत राहिली. १८५४ साली तिथल्या दोन डॉक्टरांनी, फालरे आणि बायार्झे यांनी, दोन आठवड्यांच्या अंतराने जाहीर केलं की हा एकच आजार आहे आणि तो चक्रासारखा फिरतो. आधी कुणी सांगितलं यावरून दोघांचं जोरदार वाजलं. ज्या बायकांच्या आयुष्यांवरून हे कळलं, त्यांची नावं आज आपल्याला कुणी सांगत नाही. चारच वर्षांनी, १८५८ साली, पॅरिसमध्येच मार्से नावाच्या डॉक्टरने गरोदर आणि बाळंत बायकांच्या वेडावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या खजिनदार बाईंच्या सासूला जे बाहेरचं वाटलं, त्यावर दीडशे वर्षांपूर्वीच पुस्तक निघालं होतं! आता आपल्याला माहीत आहे की बायपोलर असलेल्या बाईसाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात.

यानंतरचं मोठं नाव जर्मनीच्या एमिल क्रेपेलिनचं. हा माणूस आपल्या सीआरपीसारखा, नोंदी ठेवायचा. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. कधी आला, कधी बरा झाला, पुन्हा कधी आला. अशी कार्डं वर्षानुवर्षं लावून १८९९ मध्ये त्याने उन्माद आणि उदासी यांना एकाच आजाराच्या नावाखाली आणलं. त्याच्या पुस्तकात एका बाईची हकीकत आहे. ती तीनदा उदासीने आजारी पडली. पहिल्यांदा नवरा वारला तेव्हा. दुसऱ्यांदा तिचा कुत्रा मेला तेव्हा. तिसऱ्यांदा तिचं कबुतर मेलं तेव्हा.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. नवऱ्यासाठी आजारी पडली तेव्हा शेजारणी म्हणाल्या असतील, बिचारी. कुत्र्यासाठी पडली तेव्हा म्हणाल्या असतील, जरा अतीच करते. आणि कबुतराच्या वेळी? तेव्हा म्हणाल्या असतील, स्वभावच नाटकी. क्रेपेलिनला मात्र यात वेगळं काही दिसलं. तो म्हणाला, दुःख ही ठिणगी आहे, दारू आतच भरलेली आहे. पहिल्या वेळी मोठी ठिणगी लागली, पुढे लहान लहान ठिणगीनेही पेट घेतला. आणि कधी कधी तर ठिणगीही दिसत नाही.

स्वभावाचाही त्याने विचार केला. काही माणसं जन्मापासून उदास, काही कायम उत्साही, काही चिडकी, काही सतत बदलणारी, अशा चार तऱ्हा त्याने सांगितल्या. त्या रुग्णांमध्ये आजारापूर्वीही दिसतात आणि त्यांच्या नातेवाइकांमध्येही दिसतात, असं त्याचं म्हणणं. यात तथ्य आहे. हा आजार घराण्यात चालतो, हे आजही मान्य आहे. पण ‘रक्तातच आहे’ हे वाक्य कुणाच्या हाती पडतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. क्रेपेलिन १९२६ मध्ये वारला. त्याच्याच म्युनिकच्या संस्थेतल्या र्‍यूडीन नावाच्या डॉक्टरने पुढे हिटलरच्या सरकारला साथ दिली. १९३३ साली तिथे जबरदस्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत या आजाराचं नाव होतं. वेगवेगळ्या कारणांनी मिळून सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. युद्ध सुरू झाल्यावर मनोरुग्णांना आणि अपंगांना विषारी वायूने मारलं गेलं. दोन वर्षांच्या आत सत्तर हजारांहून जास्त. ‘त्यांच्या खानदानातच वेड आहे, सोयरीक नको’ हे आपण किती सहज बोलतो!

त्याच काळात अमेरिकेत वारं उलट्या दिशेने वाहत होतं. अ‍ॅडॉल्फ मायर नावाच्या डॉक्टरांचा तिथे मोठा दबदबा. त्यांचं म्हणणं, माणसाच्या आयुष्यात काय काय घडलं ते बघा, आजार हे त्याला दिलेलं उत्तर आहे. विचार चांगला होता. बाई काय सोसते हे कुणीतरी विचारत होतं. पण पुढे याचंही टोक गाठलं गेलं. सगळं घरच्या वातावरणाने होतं म्हटल्यावर दोषही घरच्यांचा झाला, आणि घरातही बहुतेक वेळा आईचा. म्हणजे एका देशात रक्ताला दोष, दुसऱ्या देशात आईला दोष.

मग १९४९ साल आलं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या रुग्णालयात जॉन केड नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात ते तीन वर्षांहून जास्त जपान्यांच्या कैदेत राहून आलेले. सुटून आल्यावर त्यांनी रुग्णालयाच्या एका विनावापर स्वयंपाकघरात प्रयोग मांडले. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. त्यांच्या बायकोचं मला कौतुक वाटतं. आधी गिनीपिगवर, मग स्वतःवर आणि मग रुग्णांवर त्यांनी लिथियम नावाचा क्षार वापरून पाहिला. पहिला रुग्ण पाच वर्षं सतत उन्मादात असलेला माणूस. काही महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला, कामाला लागला. मग त्याने औषध सोडलं आणि परत दाखल झाला. १९५० मध्ये तो त्याच औषधाचं प्रमाण अंगात जास्त झाल्याने वारला. रक्त तपासून लिथियमचं प्रमाण सांभाळायचं तंत्र तेव्हा बसलेलं नव्हतं. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौ यांनी नीट चाचण्या घेऊन हे औषध जगापुढे आणलं. त्यांच्या स्वतःच्या भावाला उदासीचे झटके येत. एका साध्या क्षाराने आजार आटोक्यात येतो, म्हणजे हा शरीरातला, मेंदूतला आजार आहे हे मानावंच लागलं. ‘बायपोलर’ हे आजाराचं अधिकृत नाव अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यादीत आलं ते १९८० साली.

मग टेन्शनचं काय? ते खोटंच का? इथे मला अमेरिकेतल्या आमिश लोकांची आठवण येते. पेनसिल्व्हेनियातली ही शेतकरी मंडळी. मोटारगाडी चालवत नाहीत, घरात टीव्ही नाही, घोडागाडीने फिरतात. शहरी धावपळ नाही, दारू नाही. जेनिस एगलँड नावाच्या अभ्यासक बाईंनी १९७६ पासून त्यांच्यात काम केलं. तिथेही हा आजार सापडला. फक्त त्याचं रूप त्यांच्या गावासारखं होतं. कुणी घोडागाडी बेफाम पळवायचा, कुणी सार्वजनिक फोनवर जाऊन बोलतच राहायचा. पैसे उधळायला तिथे मॉल नव्हते. आमच्या बाईंनी चाळीस शिलाई मशिनी सांगितल्या, कारण त्या आठ वर्षं बचत गटात होत्या. उन्मादातही त्यांना गटच सुचला. चढलेल्या अवस्थेतल्या माणसावरून त्याचा स्वभाव ठरवायचा नाही, तो बरा असताना बघायचा, असं आता डॉक्टर सांगतात. आणि बऱ्या असताना त्या दहा पैशांचाही हिशेब चुकू देत नव्हत्या. वहीत मी ‘उधळा’ लिहिलं होतं.

टेन्शन खोटं नाही. १९९२ मध्ये रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन डॉक्टरांनी क्रेपेलिनची जुनी ठिणगीची गोष्ट पुन्हा हातात घेतली. त्यांचं म्हणणं असं, की पहिले एक-दोन झटके बहुधा मोठ्या ताणानंतर येतात. प्रत्येक झटक्याने मेंदू जास्त हळवा होतो आणि पुढचे झटके कमी ताणानेही येऊ शकतात. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. काहींना शेवटपर्यंत मोठा ताणच लागतो. पण पहिल्या झटक्यापासून उपचार चालू ठेवायचे, पुढचे झटके टाळायचे, हे मात्र पक्कं झालं.

मला सगळ्यांत नवं वाटलं ते याच्या पुढचं. ताण म्हणजे दुःख असं आपण धरून चालतो. शेरी जॉन्सन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००० साली दाखवलं, की या आजारात आनंदाच्या घटनेनंतरही उन्माद वाढतो. परीक्षा पास होणं, नोकरी लागणं, मनातलं मोठं काम तडीला जाणं. दुःखाच्या घटना जास्त करून उदासीकडे नेतात, आणि यशाच्या घटना उन्मादाकडे. स्वभावाचंही त्यांनी पाहिलं. फार काळजी करणाऱ्या, मनाला लावून घेणाऱ्या माणसांची उदासी वाढताना दिसली, आणि जिद्दीने काम तडीला नेणाऱ्यांचा उन्माद. म्हणजे स्वभावाचा हात आहे, पण आपण म्हणतो तसा नाही. आमच्या बाई आळशी किंवा उधळ्या असत्या तर कदाचित इतक्या चढल्याही नसत्या. त्या जिद्दीच्या होत्या आणि लेकीचं लग्न हे त्यांचं मोठं काम पार पडलं होतं.

आणि झोप. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एलन फ्रँक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९८ मध्ये एक गोष्ट मांडली. ज्या घटनांनी दिवसाचं वेळापत्रक मोडतं, उठणं, जेवणं, झोपणं विस्कटतं, त्या घटनांनंतर उन्माद येण्याचा संभव जास्त. त्यावरून त्यांनी उपचारच बसवला. औषध चालू ठेवून रोज एकाच वेळी उठायचं, एकाच वेळी जेवायचं, एकाच वेळी झोपायचं आणि त्याची नोंद ठेवायची. आमच्या डॉक्टरबाईंनी झोपेचा प्रश्न पहिला का विचारला, ते मला इथे कळलं. आपल्या घरातलं लग्न बघा. आनंद, मोठं काम तडीला जाणं, पंधरा रात्रींचं जागरण, आणि वेळेवर जेवण फक्त पाहुण्यांना. सगळ्या ठिणग्या एका मांडवात.

घरच्यांच्या बोलण्याचंही मोजमाप झालं आहे. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की रुग्णालयातून सुटल्यावर ज्या घरात सतत टोचून बोलणं असतं, तिथे नऊ महिन्यांच्या आत आजार जास्त उलटतो. म्हणून घरच्यांना दोष द्यायचा नाही, त्यांनाही उपचारात सामील करून घ्यायचं. हे आपल्या देशात त्याच्या तीस वर्षं आधी झालेलं होतं, याचा मला अभिमान वाटतो. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांसाठी आवारात तंबू ठोकले. घरची माणसं सोबत राहायची, आजार काय आहे ते ऐकायची, आणि आपलं माणूस घेऊन घरी जायची.

आता दोन कामाच्या गोष्टी, कारण मागच्या कार्यक्रमानंतर तीन जणींनी विचारलं. लिथियम घेणाऱ्या बाईच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, तर औषधाचं प्रमाण रक्तात चढतं. उन्हातली खुरपणी, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, सगळ्यांत हा धोका आहे. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, तर लगेच डॉक्टर गाठायचा. दुखण्याची गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही. दिवस राहणार असतील तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं, औषध मनाने सोडायचं नाही. टेली-मानस ही सरकारी फोन सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आपल्या जीवाचं बरंवाईट करण्याचा विचार कुणाच्या मनात येत असेल तर रात्रीही फोन लागतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी ठिकाणी उपचार मिळण्याचा हक्क आपल्याला दिलेला आहे.

आमच्या बाईंचं औषध आता सहा वर्षं चालू आहे. मधे एकदा त्यांनी ते सोडलं होतं, बरं वाटतंय म्हणून, आणि वीस दिवस दवाखान्यात काढले. शिलाई मशीनच्या दुकानदाराने विसारातले नऊ हजार परत दिले, बाकीचे गटाने त्यांच्या नावावर कर्ज दाखवून सोडवले. तो ठराव आम्ही दुसऱ्या ठरावाने रद्द केला. पण वहीतलं पान फाडता येत नाही, त्यामुळे माझी ती ओळ अजून तिथेच आहे. खजिनदारपद त्यांनी परत घेतलं नाही. म्हणाल्या, “मी हिशेब तपासून देत जाईन, पैसे हातात नकोत.”

येत्या वैशाखात त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न आहे. मांडव दारातच पडणार. आम्ही सभेत पाळ्या लावल्या आहेत, पाहुण्यांचा स्वयंपाक कुणी कधी सांभाळायचा त्याच्या. पाचही रात्री बाई माझ्या घरी झोपायला येणार, दहाला दिवा बंद. हळदीच्या रात्री जात्यावर ओव्या म्हणायला तरी थांबू द्या, असं म्हणत होत्या. साडेनऊपर्यंत थांबा म्हटलं.